'ऑफ माइस अँड मेन' : स्वप्नभंगाची कथा की श्रोता गमावल्याची?

जॉन स्टाइनबेक यांची 'ऑफ माइस अँड मेन' ही लघुकादंबरी १९३७ साली प्रसिद्ध झाली. महामंदीच्या काळात कॅलिफोर्नियातील मळ्यांवर कामासाठी भटकणाऱ्या जॉर्ज व लेनी या दोन मजुरांची ही कथा अध्यापनात बहुधा 'अमेरिकन स्वप्नाचा भंग' या सूत्रात बसविली जाते. गाइडांनी तर हे सूत्र विद्यार्थ्यांकडून पाठच करून घेतले आहे. या सूत्राविषयीच प्रस्तुत लेखात शंका उपस्थित करावयाची आहे.

थोडी जमीन, लहानसे घर आणि ससे हे स्वप्न कादंबरीत प्रथम अवतरते ते योजना म्हणून नव्हे, तर गोष्ट म्हणून. लेनीला ती जवळजवळ तोंडपाठ आहे. तरी ती जॉर्जनेच सांगावी, असा त्याचा हट्ट असतो. पुढे कर्लीच्या पत्नीचा मृत्यू झाल्यावर जॉर्ज कँडीजवळ कबूल करतो की, हे घडणार नाही हे आपल्याला बहुधा प्रारंभापासूनच ठाऊक होते. लेनीला ऐकायला फार आवडे, म्हणून आपल्यालाही ते शक्य वाटू लागले. सांगणाऱ्याचाच ज्यावर पुरता विश्वास नव्हता, त्या स्वप्नाचा भंग कसला? मधल्या काळात मात्र ते हिशेबात उतरते. जमिनीची किंमत ६०० डॉलर; हात गमावलेला वृद्ध कँडी त्यांपैकी ३५० देऊ करतो, आणि त्यातले २५० त्या हाताचीच भरपाई असते.

कथा घडते सोलेदाद गावाजवळ. या स्पॅनिश नावाचा अर्थच एकाकीपण असा आहे. बराकीत जॉर्ज पत्त्यांचा डाव मांडतो तोही एकट्याने खेळावयाचा. परंतु एकाकीपणाचे खरे निदान करतो तो क्रूक्स. कृष्णवर्णीय असल्याने त्याला तबेल्यालगतच्या खोलीत वेगळे राहावे लागते. समोरच्याला कळो न कळो, बोलायला कोणी असावे, हे तो जाणतो. कर्लीच्या पत्नीचीही हीच भूक आहे. ती आपल्या हुकलेल्या चित्रपट-कारकिर्दीविषयी बोलते तेव्हा लेनीचे चित्त मेलेल्या पिलात गुंतलेले असते. दोन स्वगते शेजारी शेजारी चालू राहतात. त्यांचा संवाद होत नाही. तिला नाव नसणे हा बराकीतल्या पुरुषांच्या दृष्टीचा दोष आहे असे म्हणता येईल. तथापि निवेदकही त्या दृष्टीपलीकडे फारसा जात नाही, हे मान्य केले पाहिजे.

शेवट अर्थातच वादग्रस्त आहे. जॉर्जने केले ती हत्या की दया, हा प्रश्न वर्गात दरवर्षी विचारला जातो. आपला म्हातारा कुत्रा परक्याच्या हातून मरू द्यायला नको होता, ही कँडीची खंत या प्रसंगाची पूर्वतयारी करते. परंतु मला अधिक अस्वस्थ करते ते वेगळेच. गोळी झाडण्यापूर्वी जॉर्ज लेनीला नदीपलीकडे पाहायला लावतो आणि तीच गोष्ट सांगतो. ज्या शब्दांनी दोघांना बांधून ठेवले, तेच आता गुंगीच्या औषधासारखे वापरले जातात. ती करुणा आहे, तशीच फसवणूकही. लेखकाने या दोहोंत निवड केलेली नाही, आणि अध्यापकानेही ती घाईने करू नये. यानंतर जॉर्जला जमीन मिळालीही असती, तरी तिच्याविषयी ऐकायला कोणी उरलेले नाही. स्लिम त्याला घेऊन निघतो, आणि या दोघांना एवढे कसले दुःख झाले आहे, हे मागे उभ्या कार्लसनला कळत नाही.