नकाशावरची पट्टी आणि हवाई अंतर

काही वर्षांपूर्वी इस्लामपूरच्या एका शाळेतील भूगोलाची उत्तरपत्रिका आमच्या पाहण्यात आली. प्रश्न होता : ‘जगाच्या नकाशावर पट्टीने मोजून मुंबई व मेक्सिको सिटी यांमधील हवाई अंतर काढा.’ अपेक्षित उत्तर होते सुमारे १९,१०० कि.मी. एका विद्यार्थिनीने लिहिले होते, ‘१५,७०० कि.मी. पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजले.’ त्यावर लाल फुली होती. आमच्या मते ती फुली उत्तरावर नव्हे, प्रश्नावर हवी होती. या प्रश्नात दोन चुका आहेत.

पहिली चूक प्रमाणाची. वर्गातला नकाशा मर्केटर पद्धतीचा होता. गेरार्डस मर्केटरने १५६९ साली ही पद्धत खलाशांसाठी रचली. नकाशावर सरळ रेघ ओढावी आणि होकायंत्राची तीच एक दिशा धरून जहाज न्यावे, हा तिचा हेतू. तो उत्तम साधला आहे. परंतु त्यासाठी विषुववृत्तापासून दूर जावे तसे अंतर फुगवावे लागते : ६० अंशांवर दुप्पट, ७९ अंशांवर पाचपट. कोपऱ्यात छापलेले प्रमाण फक्त विषुववृत्तावर खरे असते. आपली दोन्ही शहरे सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत आणि त्यांच्या रेखांशांत १७२ अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावर एक अंश म्हणजे १११ कि.मी., म्हणून पट्टी १९,१०० सांगते. पण १९ अक्षांशावर एक अंश १०५ कि.मी.चाच असतो. म्हणजे अक्षवृत्तावरून गेले तरी अंतर सुमारे १८,०६० कि.मी. भरते.

दुसरी चूक अधिक खोल आहे : नकाशावरची सरळ रेघ हाच जवळचा रस्ता, ही समजूत. गोलावर जवळचा रस्ता बृहद्वृत्तावरून जातो; म्हणजे ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते, त्यावरून. हा मार्ग मुंबईहून जवळजवळ उत्तरेला निघतो, ग्रीनलंड व स्वालबार्ड यांमधील समुद्रावर सुमारे ७९ अंशांपर्यंत चढतो आणि मग मेक्सिकोकडे उतरतो. त्याची लांबी सुमारे १५,६५० कि.मी. पट्टीचे उत्तर त्याहून ३,४५० कि.मी.नी, म्हणजे मुंबई–दिल्ली हवाई अंतराच्या तिपटीने, जास्त आहे.

याची खात्री वर्गातच करता येईल. ३० सें.मी. व्यासाच्या पृथ्वीगोलाचा परीघ सुमारे ९४ सें.मी., म्हणून एक सें.मी. म्हणजे अंदाजे ४२५ कि.मी. दोरा अक्षवृत्तावरून नेला तर साडेबेचाळीस सें.मी. लागतो, ताणून धरला तर सदतीस.

दोऱ्यालाही मर्यादा आहेत, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून गेले. मार्ग १३,९०० ऐवजी सुमारे १५,३०० कि.मी.चा झाला, तरी वारा पाठीशी असल्याने प्रवास जवळजवळ दोन तास आधी आटोपला. दोरा कमीत कमी अंतर सांगतो. विमान कोणत्या वाटेने जाईल हे सांगत नाही.

तेव्हा शिक्षकांना आमची सूचना अशी : पट्टीचा प्रश्न काढून टाकू नये, पुढे न्यावा. ‘पट्टी व दोरा यांची उत्तरे वेगळी का येतात?’ असे विचारावे. आणि एखाद्या मुलीने न सांगता दोरा हाती घेतला, तर फुली मारण्यापूर्वी तोच दोरा आपणही एकदा ताणून पाहावा.