महामारी, विलगीकरण आणि अखेरची शुश्रूषा : काम्यू व बोव्हुआर यांच्या दोन कृतींचे पुनर्वाचन

सारांश :

आल्बेर काम्यू यांची ‘ला पेस्त’ (1947) ही कादंबरी आणि सिमोन द बोव्हुआर यांचे आईच्या मृत्यूविषयीचे ‘युन मॉर त्रे दूस’ (1964) हे आत्मपर लेखन यांचा प्रस्तुत लेखात एकत्रित विचार करण्यात आला आहे. पहिल्या कृतीत महामारी आहे, परंतु आप्तांचे सान्निध्य नाही. दुसऱ्या कृतीत सान्निध्य आहे, परंतु महामारी नाही. 2020-21च्या कोविड काळात असंख्य मुलांना मरणासन्न आई-वडिलांजवळ जाता आले नाही. त्या अनुभवाचे नैतिक स्वरूप समजून घेण्यास या दोन्ही कृती परस्परपूरक ठरतात, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : महामारी, शुश्रूषा, विलगीकरण, सान्निध्य, मृत्यूविषयक असत्य.

प्रास्ताविक :

मराठी समाजमनात आई-वडिलांच्या सेवेचा आदर्श म्हणून पुंडलिकाची कथा रूढ आहे. दारी आलेल्या देवालाही विटेवर थांबावयास लावणारा हा पुत्र आई-वडिलांच्या पायाशी बसलेला असतो. सेवा म्हणजे सान्निध्य, हे समीकरण या कथेने पक्के केले. ‘अखेरच्या वेळी तोंडात पाणी घालायलाही कोणी नव्हते’ या बोलीतील उद्गारात त्याच समीकरणाची दुसरी बाजू दिसते. येथे मृत्यूपेक्षाही एकाकी मृत्यूचे दुःख मोठे मानलेले आहे आणि अनुपस्थित राहिलेल्या मुलावर न बोलता ठेवलेला दोषही त्यात आहे.

11 मार्च 2020 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-19 ही महामारी असल्याचे घोषित केले आणि हे समीकरण उलटे झाले. आई-वडिलांपासून दूर राहणे हेच कर्तव्य ठरले. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर मुलगा किंवा मुलगी थांबून राहिली, आत जाण्याची परवानगी नव्हती. पुंडलिकाच्या कथेत देव बाहेर थांबतो; या काळात पुंडलिकच बाहेर थांबला. या अनुपस्थितीस काय म्हणावे? तो अपराध, की केवळ दुर्दैव? हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या कक्षेत पूर्णपणे मावत नाही. साहित्याने तो पूर्वी कसा हाताळला, हे म्हणूनच पाहणे आवश्यक ठरते.

महामारीविषयक लेखनातील तीन अवस्था :

महामारीच्या पाश्चात्त्य लेखनपरंपरेत रुग्ण आणि आप्त यांच्या संबंधाच्या तीन अवस्था दिसून येतात. पहिली अवस्था स्वेच्छेने केलेल्या त्यागाची. इ. स. पूर्व 430मधील अथेन्सच्या साथीचे वर्णन करताना थ्यूसिडिडीझ एक पेच नोंदवितो. जे भीतीने जवळ गेले नाहीत त्यांची माणसे एकाकी मेली आणि जे सदाचाराच्या जाणिवेने जवळ गेले ते स्वतः मेले. सर्वाधिक करुणा त्याला आढळली ती आजारातून उठलेल्यांमध्ये, कारण त्यांना स्वतःच्या जिवाची भीती उरली नव्हती. 1348च्या फ्लॉरेन्समधील प्लेगविषयी ‘डेकॅमेरॉन’च्या प्रारंभी लिहिताना बोकाच्चो हा तर भावाने भावाला आणि आई-वडिलांनी मुलांनाही टाकून दिल्याचे सांगतो. या लेखकांच्या दृष्टीने अनुपस्थिती हा मुख्यतः मानवी नात्यांच्या ऱ्हासाचा पुरावा आहे.

दुसरी अवस्था लादलेल्या सान्निध्याची. डॅनियल डीफो याने 1722मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’मध्ये 1665च्या लंडनचे चित्रण आहे. घरात एक रुग्ण आढळला की सर्व कुटुंबासह ते घर बंद करून बाहेर पहारेकरी नेमले जात. येथे सान्निध्य आहे, परंतु ते शिक्षेसारखे आहे. तिसरी अवस्था लादलेल्या अनुपस्थितीची. आधुनिक आरोग्यप्रशासन रुग्णाला घरातून उचलून रुग्णालयात नेते आणि आप्तांना दूर ठेवते. कोविड काळाचा अनुभव प्रामुख्याने या तिसऱ्या अवस्थेचा होता आणि तिचे सर्वांत सखोल साहित्यिक चित्रण काम्यू यांच्या कादंबरीत आढळते.

‘ला पेस्त’मधील नियम आणि अपवाद :

या कादंबरीकडे दीर्घकाळ रूपक म्हणून पाहिले गेले. प्लेग म्हणजे फ्रान्सवरील नाझी अंमल, हा अर्थ इतका प्रबळ ठरला की 1955मध्ये रोलाँ बार्त यांनी घेतलेला आक्षेपही मुख्यतः या रूपकाच्या मर्यादांविषयी होता. परिणामतः कादंबरीतील शुश्रूषेचे प्रसंग समीक्षेत काहीसे दुय्यम राहिले. 2020मध्ये अनेक देशांतील वाचक या कादंबरीकडे पुन्हा वळले, तेव्हा त्यांनी ती प्रथम शब्दशः वाचली. या वाचनात तीन प्रसंग पुढे येतात.

पहिला प्रसंग रुग्णाला घरातून नेण्याचा. डॉक्टर रिए तापाचे निदान करतो आणि त्याच क्षणी घरच्यांना कळते की रुग्णवाहिका येणार, आपले माणूस जाणार आणि ते बहुधा परत दिसणार नाही. विनवण्या, आक्रोश, बंद केली जाणारी दारे आणि अखेर सशस्त्र बळाचा वापर असा क्रम ओरान शहरात रोज घडतो. परिणाम ठाऊक असलेल्या ताटातुटीपेक्षा लोकांना प्लेगसह घरात कोंडून राहणे बरे वाटते. या लोकांना काम्यू अडाणी ठरवीत नाहीत आणि डॉक्टरलाही निर्दय ठरवीत नाहीत. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे, हीच त्या प्रसंगाची शोकात्मता आहे.

दुसरा प्रसंग न्यायाधीश ओतों यांच्या लहान मुलाच्या मृत्यूचा. नव्या लसीचा प्रयोग होऊनही हा मुलगा दीर्घ वेदनेनंतर मरतो. त्याच्या खाटेभोवती डॉक्टर, धर्मगुरू आणि स्वयंसेवक उभे आहेत. आई-वडील मात्र विलगीकरणात आहेत. या प्रसंगावरील चर्चा बहुधा निष्पापाची वेदना आणि ईश्वरी न्याय या प्रश्नाभोवती फिरते. तथापि त्यानंतरची एक छोटी घटना तितकीच महत्त्वाची आहे. क्रीडागारातील छावणीत असलेला पिता तारूला विचारतो, मुलाला फार त्रास तर झाला नाही ना? तारू नाही म्हणतो. वाचकाला ठाऊक आहे की हे असत्य आहे. मृत्यूच्या वेळी जो उपस्थित नव्हता त्याच्याजवळ अखेर कोणाच्या तरी शब्दाशिवाय काही उरत नाही, हे काम्यू या एका प्रश्नोत्तरातून दाखवितात.

तिसरा प्रसंग तारूच्या मृत्यूचा. साथ ओसरत असताना तारूला प्लेग होतो. नियमानुसार त्याला विलगीकरणात पाठविणे आवश्यक आहे. परंतु ज्याने असंख्य कुटुंबांपासून त्यांची माणसे दूर नेली तो रिए या वेळी नियम पाळत नाही. आपण आणि आपली आई त्याची शुश्रूषा करू, असे तो सांगतो. इंजेक्शन दिल्यावरही तत्काळ विलगीकरणाचा आदेश न देण्याची ही पहिलीच वेळ, हे स्वतः तारूच्या लक्षात येते. रिएची वृद्ध आई रात्रभर खाटेजवळ बसून राहते. संपूर्ण कादंबरीत घरच्या छपराखाली, मायेच्या नजरेसमोर झालेला असा मृत्यू विरळाच.

या अपवादावर निवेदक काहीही भाष्य करीत नाही. हा निवेदक रिए स्वतःच आहे, हे अखेरीस उघड होते तेव्हा ते मौन अधिक अर्थपूर्ण होते. नियम सर्वांसाठी असतो आणि अपवाद ज्याच्या हाती अधिकार आहे त्याच्या घरी होतो. याच रिएची पत्नी दूरच्या आरोग्यधामात एकटी मरण पावते आणि ती वार्ता तारूच्या मृत्यूनंतर तारेने येते. ज्याने एका मित्राला एकाकी मृत्यूपासून वाचविले त्याला पत्नीसाठी ते करता आले नाही. येथे कादंबरीची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. ओरानमधील अरब रहिवासी या कथेत जवळजवळ अदृश्य आहेत. कॉनर क्रूझ ओब्रायन यांनी 1970मध्ये काम्यूंवरील पुस्तकात या उणिवेकडे लक्ष वेधले होते. ज्यांच्या मृत्युशय्येचा उल्लेखच नाही त्यांना अपवाद मिळण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.

बोव्हुआर : सान्निध्याचे वास्तव :

काम्यूंच्या कादंबरीत जे नाकारले जाते ते सान्निध्य प्रत्यक्षात कसे असते, याचे निर्मम वर्णन बोव्हुआर यांच्या पुस्तकात आहे. 1963च्या ऑक्टोबरमध्ये त्यांची आई फ्रांस्वाज घरात पडली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. रुग्णालयात तपासणीअंती कर्करोग आढळला. शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवड्यांनी तिचा मृत्यू झाला. या काळात सिमोन आणि त्यांची धाकटी बहीण एलेन यांनी आळीपाळीने आईजवळ वेळ काढला.

या लेखनाचे महत्त्व असे की त्यात सेवेचे उदात्तीकरण नाही. आईला कर्करोगाचे सत्य सांगितले जात नाही. आजार पोटाच्या दाहाचा आहे आणि तो बरा होत आहे, अशी तिची समजूत करून दिली जाते. जवळ बसलेल्या मुलीच या असत्यात सहभागी असतात. मरणाऱ्या स्त्रीला डॉक्टर आणखी का छळतात, असा प्रश्न लेखिकेला पडतो. परंतु वैद्यकीय अधिकारापुढे तिचे फारसे चालत नाही. वेदनाशामक औषधासाठीही मुलींना विनवणी करावी लागते. आई-मुलीतील जुना दुरावा काही अंशी मिटतो, परंतु तो संपूर्णपणे मिटल्याचा दावा लेखिका करीत नाही. सर्वांत लक्षणीय बाब म्हणजे प्रत्यक्ष मृत्यूच्या क्षणी सिमोन तेथे नव्हत्या. त्या घरी झोपावयास गेल्या होत्या. दूरध्वनी आला आणि त्या पोहोचण्यापूर्वी सारे संपले होते. आईजवळ एलेन होती.

पुस्तकाचे शीर्षक, म्हणजे ‘अतिशय सौम्य मृत्यू’, परिचारिकेच्या उद्गारावरून आलेले आहे. त्यातील उपरोध उघड आहे. तथापि लेखिका त्यात आणखी एक अर्थ भरते. खासगी रुग्णालय, दोन मुली आणि सोबतीची माणसे यांमुळे हा मृत्यू इतरांच्या तुलनेने सुखाचा होता. तो विशेषाधिकार असलेल्यांचा मृत्यू होता. सार्वजनिक रुग्णकक्षात ज्यांच्या खाटेजवळ कोणी नाही त्यांचे स्मरण लेखिकेला होते. हे पुस्तक 1964मधील आहे. सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले ते 1967मध्ये, तर भारतातील पहिले हॉस्पिस मानले जाणारे मुंबईचे शांती आवेदना सदन 1986मध्ये सुरू झाले. वेदनामुक्त, सोबतीसह मृत्यू ही एक सामाजिक व्यवस्था असू शकते, हा विचार रुजण्यापूर्वीच बोव्हुआर यांनी त्याच्या अभावाची नोंद केली होती.

महाराष्ट्राच्या अनुभवाच्या प्रकाशात :

ओरानमधील दारावरचा संघर्ष मराठी वाचकास अपरिचित नाही. 1897च्या पुण्यातील प्लेगमध्ये सैनिकांकरवी घरझडती, रुग्णांना रुग्णालयात आणि आप्तांना छावणीत हलविणे यांमुळे झालेला प्रक्षोभ इतिहासात नमूद आहे. 22 जून 1897 रोजी रँडवर झालेला हल्ला त्याचीच परिणती होय. याच साथीत सावित्रीबाई फुले प्लेगग्रस्त मुलास उचलून आपला दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या आणि 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला. थ्यूसिडिडीझने सांगितलेला पेच येथे प्रत्यक्षात उतरला. सान्निध्याची किंमत प्राण ही होती आणि ती जाणीवपूर्वक दिली गेली. रिएची आई, एलेन आणि सावित्रीबाई या तिन्ही ठिकाणी जवळ बसणारी व्यक्ती स्त्री आहे, हेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. पुंडलिकाची कथा पुत्राची असली तरी शुश्रूषेचा भार बहुधा मुलीने, सुनेने आणि पत्नीने वाहिला आहे.

1897च्या त्या साथीसाठी केलेला साथरोग कायदाच 2020मध्ये पुन्हा वापरण्यात आला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च 2020मध्ये मृतदेहाविषयी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत आप्तांना एकदा मुखदर्शन घेण्याची आणि स्पर्श न करावा लागणारे धार्मिक विधी करण्याची मुभा होती. देहाला स्नान घालणे वा आलिंगन देणे निषिद्ध होते. म्हणजे मृत्यूनंतरच्या दर्शनाची तरतूद कागदावर तरी होती. जिवंतपणीच्या अखेरच्या भेटीविषयी मात्र तितकी स्पष्टता सर्वत्र दिसली नाही. सन्मानाने मरण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी दिला होता आणि जानेवारी 2023मध्ये त्यासंबंधीची कार्यपद्धती सुलभ केली. उपचार थांबविण्याचा विचार या निर्णयात आहे. सोबतीचा प्रश्न मात्र त्याच्या केंद्रस्थानी नाही.

निष्कर्ष :

दोन्ही कृतींच्या एकत्रित वाचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. प्रथम, लादलेली अनुपस्थिती आणि स्वेच्छेने केलेला त्याग यांत मूलभूत भेद आहे. बोकाच्चोचा निकष कोविड काळातील मुलांना लावणे अन्यायाचे ठरेल. दुसरे, सान्निध्य हे अखेरच्या क्षणापुरते मोजता येत नाही. आठवडे आईजवळ काढलेली मुलगीही त्या क्षणी अनुपस्थित असू शकते आणि त्यामुळे तिची सेवा निरर्थक ठरत नाही. ज्यांना तोंडात पाणी घालता आले नाही त्यांच्या मनावरील ओझे हलके करण्याचे सामर्थ्य या साध्या सत्यात आहे.

तथापि यावरून व्यवस्थेस दोषमुक्त करता येणार नाही. मुलांचा अपराध नव्हता, याचा अर्थ कोणाचीच जबाबदारी नव्हती असा होत नाही. संसर्गाचा धोका खरा होता. परंतु संरक्षक पोशाखात एका आप्ताला काही मिनिटे आत सोडावे की नाही, परिचारिकेने दूरध्वनी रुग्णाच्या कानाशी धरावा की नाही, हे निर्णय माणसांनीच घेतले. रिएने एकदा अपवाद केला, तो मित्रासाठी. पुढील महामारीत हा अपवाद परिचयावर आणि पैशावर अवलंबून राहू नये, तो नियमातच समाविष्ट असावा, ही अपेक्षा या कृतींच्या वाचनातून अपरिहार्यपणे पुढे येते. ओतोंच्या प्रश्नाला तारूने दिलेले उत्तर दयाळू होते. परंतु तो प्रश्न दूर छावणीतून विचारण्याची वेळच पित्यावर न येणे, हे त्या दयेपेक्षा अधिक मोलाचे ठरले असते.