नगर, नदी आणि नकाशा

ललित ग्रंथाला लावावयाच्या कसोट्या सरकारी नकाशाला लावणे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु प्रादेशिक योजना हाही एक ग्रंथच आहे. त्यात एका मुलुखाच्या भावी संसाराचे चित्र रेखाटलेले असते, आणि ज्याच्या शेतावरून त्यातील रेषा जाते त्याला तो ग्रंथ वाचल्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून त्याची मध्यवर्ती कल्पना कोणती, आणि ती शेवटपर्यंत सांभाळली गेली आहे काय, हे प्रश्न टीकाकाराने त्यालाही विचारणे उचित होय.

महाराष्ट्रात अशा योजनांचे मूळ १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात आहे. योजनेत काय काय असावे याची यादी त्याच्या चौदाव्या कलमात दिली आहे. वस्ती, कारखाने, शेती व वने यांमध्ये जमिनीची वाटणी, रस्ते, लोहमार्ग, विमानतळ, पाणीपुरवठा, पूरनियंत्रण, निसर्गाचे जतन, असे सारे विषय तीत आले आहेत. दोष आहे तो निराळाच. यादीतील दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या, तर कोणी कोणास वाट द्यावी, याविषयी हे कलम मौन धरते. पात्रांची नामावळी संपूर्ण, पण संघर्षाचा पत्ता नाही, अशा नाटकासारखा हा प्रकार आहे.

कोल्हापुरात तो संघर्ष डोळ्यांसमोर उभा आहे. महानगरपालिका १९७२ साली स्थापन झाली. त्यानंतर दशकानुदशके हद्द होती तेवढीच राहिली. वस्ती मात्र राहिली नाही. २०११ च्या खानेसुमारीत एकट्या शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात गेली होती. शिरोली व गोकुळ शिरगाव येथील कारखाने आणि उजळाईवाडीचा विमानतळ ही शहराच्याच संसारातील मंडळी, पण ती नांदतात गावांच्या जमिनीवर. २०२३ पासून शहरास पिण्याचे पाणीही दूरच्या काळम्मावाडी धरणातून नळाने येऊ लागले. शहराने हद्दवाढ मागितली. कर वाढतील आणि शेते जातील या भयाने गावांनी ती नाकारली. आणि २०१७ साली ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण हा मधला मार्ग काढण्यात आला.

या वादात प्रश्न केवळ हद्दीच्या रेषेचा आहे असे उभय पक्षांनी गृहीत धरले. पॅट्रिक गेडीस याने शतकापूर्वी हिंदुस्थानातील नगरांचे अहवाल लिहिले, तेव्हा आधी पाहणी आणि मग योजना असा क्रम त्याने घालून दिला. नगराचा विचार नदीच्या सबंध खोऱ्यासह करावा, हाही त्याचाच आग्रह. त्या दृष्टीने पाहता कोल्हापूरचा प्रदेश पंचगंगेने आधीच आखून ठेवला आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी घेऊन ती शहराजवळून वाहते आणि नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेले. महामार्ग बंद पडला. हद्दीच्या आतले आणि बाहेरचे एकाच पाण्यात उभे राहिले.

नदीकाठची सखल शेते म्हणजे पुराला पाय पसरावयास ठेवलेली जागा. तेथे भराव घालून घरे उठविली म्हणजे पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या ओसरीवर चढते. ती शेते मोकळी राहिली पाहिजेत, याविषयी आमचे दुमत नाही. तथापि, योजनेतील खरा अन्याय येथेच दडलेला असतो. नकाशात ज्याच्या जमिनीवर वस्तीचा पिवळा रंग चढतो, तिचे मोल बसल्या जागी वाढते. बांधापलीकडच्या शेतावर हिरवा रंग चढतो, आणि त्याच्या मालकाने सबंध शहराचे रक्षण पदरमोड करून करावे अशी अपेक्षा असते. शेतीची जमीन शेतीसाठीच राहिली, मग नुकसान कसले, असे कोणी विचारील. हा युक्तिवाद कचेरीत टिकेल. ज्याला मुलीचे लग्न वा मुलाचे शिक्षण पार पाडावयाचे आहे, त्याच्या घरात तो टिकत नाही. तो गुंठे पाडून विकू लागतो, आणि हिरवा रंग कागदावरच उरतो.

यावरील उपायाचे बीज आपल्याच परंपरेत आहे. मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यात जमिनींची फेरआखणी करून, वाढलेल्या मोलाचा काही अंश मालकांकडून सार्वजनिक सोयींसाठी घेण्याची तरतूद होती. तोच न्याय खोऱ्याला लावून पिवळ्या रंगाच्या लाभातून हिरव्या रंगास वर्षासन का देऊ नये? शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसली आणि पुढे राधानगरीच्या धरणास हात घातला गेला. धरणाचे पाणी, त्यावरचा ऊस आणि गुळाची पेठ यांत शहर व खेडे यांचा लाभ एकमेकांत गुंतलेला होता. आजच्या योजनेत नेमका हाच धागा हवा आहे.

हे काम केवळ तज्ज्ञांवर सोपवून भागणार नाही. शेजारच्या गोमंतकात २००६ साली जाहीर झालेली प्रादेशिक योजना लोकांनी वाचली, डोंगर आणि शेते वस्तीला दिलेली पाहून चळवळ उभारली, आणि २००७ च्या आरंभी सरकारास ती मागे घ्यावी लागली. आपल्याकडेही मसुद्यावर हरकती घेण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. पुढील मसुदा हाती येईल तेव्हा वाचकांनी त्यात एक पान अवश्य शोधावे: कोणाचे किती वाढले, कोणाचे किती अडले, आणि ही फेड कोणी करावयाची. ते पान नसेल, तर तीच आपली पहिली हरकत असावी.