बुडालेल्या मुलीचं हसू

सीपीआर शिकताना जिच्या तोंडात श्वास फुंकतात, त्या बाहुलीचा चेहरा कधी नीट पाहिलाय? तिचं नाव रेससी अ‍ॅन. नॉर्वेतले खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल यांनी ती १९६० मध्ये आणली. चेहरा घेतला पॅरिसमधल्या एका मुखवट्यावरून. ‘सीन नदीतली अनोळखी मुलगी’ म्हणून तो ओळखला जातो.

आख्यायिका अशी: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सीनमधून एका तरुणीचा मृतदेह काढला. अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे आत्महत्या. शवागारातला कुणीतरी त्या चेहऱ्यावर भाळला आणि त्यानं साचा घेतला. पुढे मुखवटा घरोघरी भिंतींवर लागला. रिल्केच्या १९१० मधल्या कादंबरीतही तो आला.

मुखवटा सुंदर आहे, वादच नाही. पण पुरावा म्हणून वाचला तर गोष्ट डळमळते. पाण्यात प्रेत सहसा पालथं, डोकं खाली करून तरंगतं. रक्त चेहऱ्याकडे उतरतं. कुजणं सुरू झालं की चेहरा सुजतो, काळवंडतो. नाकातोंडाशी अनेकदा बारीक बुडबुड्यांचा चिवट फेस असतो, पुसला तरी पुन्हा येणारा. लगेच बाहेर काढलेलं शरीर शांत दिसू शकतं, हे मान्य. तरी इतके भरलेले गाल, इतकी तुकतुकीत कातडी पाहून साचा जिवंत मुलीचा असावा, ही शंका अनेकांनी घेतलीय.

मला जास्त खटकतो तो ‘म्हणजे’. अशी इफ-कंडिशन कोडमध्ये लिहिली तर रिव्ह्यूतून परत येईल. हातापायांची सुरकुतलेली कातडी एवढंच सांगते की शरीर पाण्यात होतं. मेल्यावर टाकलं तरी ती तशीच होते. फेस, फुगलेली फुफ्फुसं, मुठीत घट्ट धरलेलं शेवाळ, या खुणा माणूस जिवंतपणी पाण्यात गेल्याकडे बोट दाखवतात. अस्थिमज्जेत डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, सापडलं तर आणखी बळ मिळतं. पण तीही चाचणी वादातीत नाही. आणि बुडूनच मेली हे ठरलं, तरी उडी मारली, पाय घसरला की कुणी ढकललं, हे शरीर एकटं सांगू शकत नाही.

आख्यायिकेनं हा प्रश्नच गिळला, कारण चेहरा सुंदर होता आणि कथा तयार होती. आपल्याकडेही विवाहितेचा मृतदेह विहिरीत सापडला की कथा तयारच असते. म्हणून तर लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत आत्महत्या झाल्याचं प्रकरण असेल, तर मृतदेह तपासणीला पाठवायला कायदा पोलिसांना सांगतो. पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल, तेव्हा तिच्यातला ‘म्हणजे’ शोधा.