खाडाखोडीवर पूर्ण सही करावी

बँकेत लागलो त्या पहिल्याच दिवशी हेडक्लार्कसाहेबांनी मला लेखनाचा एकमेव नियम शिकवला. "खोडायचं तर एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. आणि शेजारी पूर्ण सही!" पुढं 2010 साली क्लिअरिंगच्या चेकवरची तीही सोय गेली. तारखेची दुरुस्ती सोडली, तर खाडाखोडीचा चेक सहीसकट परत. अशा हवेत वीस वर्षं काढलेल्या बी.कॉम. माणसानं कवींच्या कच्च्या वह्यांवर बोलणं म्हणजे माळकऱ्यानं तांबड्या-पांढऱ्यावर मत देणं. पण देतो.

समीक्षकांना कच्ची वही फार प्रिय. तीत म्हणे निर्मितीची प्रक्रिया दिसते. असेलही. पण मराठी कवितेत वहीचं नशीबच वाईट. तुकोबांची वही इंद्रायणीत बुडवावी लागली. परंपरा सांगते, ती तेरा दिवसांनी कोरडी वर आली. पण अभंग तोवर लोकांच्या तोंडी होतेच, त्यांना कुठला डोह बुडवणार? बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यामुळं खोडण्याचा प्रश्नच आला नाही. घरच्यांनी उतरवून घेतलं, आणि त्या गेल्यावर 1952 साली पुस्तक निघालं.

आणि आमच्या कोल्हापुरात जन्मलेले अरुण कोलटकर! 'जेजुरी'चं पहिलं हस्तलिखित एका छोट्या मासिकाकडं गेलं आणि हरवलं. आमच्याकडं एक व्हाउचर हरवलं तर तीन माणसं रजा रद्द करून बसतात. ह्या गृहस्थानं त्या कविता पुन्हा लिहून काढल्या. 1976 ला पुस्तक आलं, 1977 ला राष्ट्रकुल पारितोषिक. म्हणजे मूळ कागद नसतानाही खातं जुळलं! समीक्षकांनी ह्याचं उत्तर द्यावं. त्यांच्या 2003 च्या मराठी संग्रहाचं नाव 'भिजकी वही'. ते गेल्यावर त्याला 2005 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

भिजकी वही आमच्याही घरी आहे. वाङ्मयीन नव्हे, खरीखुरी.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगा शाहूपुरीत आमच्या घरी कमरेइतकी आली. पाणी ओसरल्यावर खालच्या कपाटातून आण्णांची वही निघाली. आण्णा हायस्कुलात भूगोल शिकवायचे. ते कविता करत हे मला ठाऊक होतं, पण मी कधी वाचली नव्हती. मुलं वडलांच्या कविता वाचत नाहीत. गच्चीवर पानं वाळवताना गंमत दिसली. शाईनं लिहिलेली पक्की प्रत धुऊन निळं पाणी झालेली, आणि शेवटच्या पानांवरचा पेन्सिलीचा कच्चा मजकूर जसाच्या तसा! नदीला संपादनाची दृष्टी नाही म्हणतात ते खोटं.

माझी आजी गेली त्यावरची कविता होती. पहिली ओळ 'आई गेली'. खोडलेली. मग 'आई निघाली'. खोडलेली. मग 'आई सुटली'. ही तर गिरवून गिरवून खोडलेली, हेडक्लार्कसाहेबांना मुळीच न चालणारी. तरी उन्हात धरली की वाचता येत होती. आणि त्याखाली न खोडलेल्या ओळीत आई नाहीच. थंड चूल आहे, शेजारी उपडी परात आहे.

आता मी समीक्षक नव्हे, पण ताळेबंद वाचता येतो. चूल-परात वाचून मी 'वा' म्हटलं असतं. 'सुटली' वाचून गप्प बसलो. आजी सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. कच्च्या वहीत कविता कशी सुचली ते कळत नाही, कवी कुठं घाबरला तेवढं कळतं. आणि चांगली ओळ बहुधा त्या घाबरण्यातूनच येते, असा माझा हिशेब आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"त्यांनी खोडलंय न्हवं?" ती म्हणाली. "मग तू कशाला वाचतोस?"

ह्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. मोठमोठ्या कवींच्या वह्या उघडून बसलेल्यांपाशी तरी असेल का, शंका आहे. वही मिटली आणि माळ्यावर ठेवली. पुराची पातळी बघूनच.

आजीचं सगळं सहा वर्षं आईनंच केलं होतं. तीन-चार दिवसांनी भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "ते 'सुटली' लिवलंवतं न्हवं... लई खोडलंवतं व्हय रे?"