जपानी हात आणि मराठी गैरसमज

एप्रिल 2025मध्ये ट्युनिसच्या डब्ल्यूटीटी कंटेंडर स्पर्धेत मुंबईची दिया चितळे आणि बडोद्याचा मानुष शाह यांनी मिश्र दुहेरीच्या अंतिम सामन्यात सोरा मात्सुशिमा आणि मिवा हारिमोतो या जपानी जोडीला 3-2 असं हरवलं. विजय मोठाच होता आणि त्याचं कौतुकही झालं. पण त्या कौतुकाच्या आडून जपानी टेबल टेनिसबद्दल जे ठरीव बोललं जातं, ते पुन्हा एकदा कानावर आलं आणि डोकं फिरलं. जपानी म्हणजे शिस्त. जपानी म्हणजे प्रयोगशाळा. सातव्या वर्षापासून रोज हजारो चेंडू, मग पोडियम. असं बोलणाऱ्या माणसाने जपानच्या मिमा इतोचा एक गेम तरी शांतपणे पाहिला आहे का, अशी शंका येते.

हा गैरसमज नवा नाही आणि त्याचा जन्म आपल्याच मुंबईत झाला आहे. फेब्रुवारी 1952मध्ये जागतिक टेबल टेनिस स्पर्धा पहिल्यांदा आशियात आली, ती मुंबईला. जपानचा संघही पहिल्यांदाच उतरला होता. त्यात हिरोजी सातो नावाचा चष्मा लावलेला, अंगाने किरकोळ, पेनासारखी बॅट धरणारा माणूस होता. त्याच्या बॅटवर पिंपल्सचं रबर नव्हतं, जाड स्पंज होता. तोवर सगळं जग कडक रबरावर खेळायचं. चेंडू बॅटला लागला की टक्कन आवाज यायचा आणि त्या आवाजावरून समोरच्याला फटक्याचा जोर कळायचा. सातोच्या बॅटचा आवाजच येईना. अमेरिकेचा मार्टी राइसमन, त्या काळातला सगळ्यात देखणा फोरहँड असलेला खेळाडू, त्याच्यासमोर गांगरला आणि गेला. अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोत्सियानही हरला. सातो जगज्जेता झाला.

तेव्हापासून गोष्ट सांगितली जाते ती अशी: स्पंज जिंकला, माणूस नाही. ही गोष्ट सोयीची आहे आणि खोटीही. सातोच्या बॅटने पुरुष दुहेरी जिंकलेली नाही. ती फुजिई आणि हायाशी यांनी जिंकली. सातोच्या बॅटने महिला संघांचा कॉर्बिलॉन कपही जिंकलेला नाही. नाराहारा आणि निशिमुरा या दोघी रुमानियाला हरवून तो घेऊन गेल्या, आणि जाताना महिला दुहेरीही. सातपैकी चार विजेतेपदं पहिल्याच खेपेत नेणारा देश एका स्पंजाच्या तुकड्याच्या जोरावर आला होता असं म्हणणं म्हणजे मुंबईच्या प्रेक्षकांनी तेव्हा डोळे मिटून सामने पाहिले असं म्हणण्यासारखं आहे. आणि स्पंज वापरायला तेव्हा कोणालाच बंदी नव्हती. हंगेरीला होती का? इंग्लंडला होती का? जे वापरता येत होतं ते वापरून पाहण्याची बुद्धी एकाला झाली, बाकीच्यांना झाली नाही. त्या बुद्धीलाच कला म्हणतात. आंतरराष्ट्रीय महासंघाने 1959मध्ये नुसत्या स्पंजावर बंदी घातली आणि रबराखालच्या स्पंजाला जाडीची मर्यादा घालून परवानगी दिली. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक बॅटवर तो आहे.

सातोनंतरची जगज्जेत्यांची वंशावळ अशी. पुरुष एकेरीत 1954 ओगिमुरा, 1955 तानाका, 1956 ओगिमुरा, 1957 तानाका. महिलांत एगुची, मात्सुझाकी, मोरिसावा, कोवादा. 1959च्या डॉर्टमुंडला सातपैकी सहा विजेतेपदं. पुढचे जगज्जेते हासेगावा आणि शिगेओ इतो यांच्या दूरवरून मारलेल्या लांबलचक फोरहँडबद्दल जुनी मंडळी अजून हळहळतात. हळहळू द्यावं. 1977मध्ये मित्सुरू कोनो आणि 1979मध्ये सेइजी ओनो जगज्जेते झाले आणि पुरुष एकेरीचा दरवाजा तिथे बंद झाला. महिला एकेरीचा तर 1969लाच झाला होता.

यातल्या इचिरो ओगिमुराजवळ मात्र थांबायला हवं, कारण शिस्तवाले त्यालाच साक्षीला बोलावतात. 51 टक्के खात्री असेल तर मारा, असं सांगणारा माणूस हा. जपानी काटेकोरपणाचा पुरावा म्हणून हे वाक्य ऐकवलं जातं. अहो, ते काटेकोरपणाच्या विरुद्धचं वाक्य आहे! शंभरात एकोणपन्नास वेळा चुकायची परवानगी त्यात आहे. आणि ओगिमुरा घडला कुठे? टोकियोच्या किचिजोजी भागात हिसाए उएहारा नावाच्या बाईंचं मुसाशिनो नावाचं टेबल टेनिसगृह होतं. तासाचे पैसे भरा आणि खेळा, अशा प्रकारचं. हायस्कूलच्या वयात त्याने बॅट हातात घेतली आणि सहा वर्षांत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, जगज्जेता झाला. 1954ला लंडनला जायला पैसे नव्हते तेव्हा त्या गृहात येणाऱ्या माणसांनी रस्त्यावर उभं राहून वर्गणी गोळा केली. प्रयोगशाळा कुठेच नव्हती, होत्या एक बाई आणि आजूबाजूचा मोहल्ला. पुढे 1987ला हाच माणूस दिल्लीत जागतिक महासंघाचा अध्यक्ष निवडून आला आणि 1991ला चिबाच्या स्पर्धेत दोन्ही कोरियांना एका झेंड्याखाली खेळवलं.

आता मिमा इतो. या लेखाचं खरं कारण तीच आहे.

इतो बॅकहँडला छोटे पिंपल्स बाहेर काढलेलं रबर लावते. आजच्या चालीत दोन्ही बाजूंना चिकट, उलटं रबर लावून दोन्ही बाजूंनी टॉपस्पिन ओढायचं असतं. ती तसं करत नाही. टेबलाला पोट लावून उभी राहते. चेंडू टप्पा घेऊन वर येतोय न येतोय तोच बॅट त्याच्यावर उभ्याने आपटते, जवळजवळ फिरकीशिवाय. समोरची खेळाडू फिरकीची वाट पाहत असते आणि चेंडू मध्येच बसतो, नाहीतर छातीशी येतो. तिची सर्व्हिस बघा. मनगट एक सांगतं, चेंडू दुसरंच करतो, आणि तिसऱ्या फटक्यावर ती मोकळी झालेली असते. नोव्हेंबर 2018मध्ये स्वीडन ओपनमध्ये तिने लिऊ शिवेन, डिंग निंग आणि झू युलिंग या तिघींना एकामागोमाग एक हरवलं, अंतिम सामना तर 4-0. त्याच्या आदल्या वर्षी जपानच्याच मिउ हिरानोने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत चीनच्याच वुशीमध्ये डिंग निंग, झू युलिंग आणि चेन मेंग यांना ओळीने घरी पाठवलं होतं. हिरानोचा पराक्रम वेगाचा होता. इतोचा खोडीचा.

आणि टोकियो ऑलिंपिकची मिश्र दुहेरी. जर्मनीच्या फ्रान्झिस्का-सोल्या जोडीविरुद्ध शेवटच्या गेममध्ये 2-9 अशी अवस्था. जुन मिझुतानी आणि इतो यांनी सात मॅचपॉइंट वाचवले आणि गेम 16-14 घेतला. 26 जुलै 2021ला अंतिम सामन्यात शू शिन आणि लिऊ शिवेन यांच्याविरुद्ध 0-2 वरून 4-3. टेबल टेनिसमधलं जपानचं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. या दोघांची आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. दोघंही शिझुओका प्रांतातल्या इवाता या एकाच गावचे. मिझुतानीचे आईवडील तिथे मुलांचा क्लब चालवायचे, छोटी इतो तिथेच खेळायला जायची. इतोच्या घरातही टेबल होतं आणि आई शिकवायची. टोकियोच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रातली एलिट अकादमी 2008ला सुरू झाली. इतो त्या अकादमीत गेलीच नाही. ती ओसाकात, आईसोबत, आपल्याच पद्धतीने वाढली.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकाला पुण्या-मुंबईच्या मोजपट्टीने मोजणारे जी चूक करतात, तीच चूक इतोच्या बॅकहँडला 'अशास्त्रीय' म्हणणारे करतात. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या रात्री मोकळ्या पटांगणात शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं तर आवाज तसाच लावावा लागतो.

तोमोकाझु हारिमोतो? चौदाव्या वर्षी चेक ओपनच्या अंतिम सामन्यात टिमो बोलला हरवणारा हा मुलगा भन्नाट आहे, पण त्याच्या आरोळ्याच जास्त लक्षात राहतात. हिना हायाता नेटकी, पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य दुखऱ्या हाताने मिळवलेलं. शिनोझुका आणि तोगामी यांनी 2025ला दोह्यात पुरुष दुहेरीचं जागतिक विजेतेपद 1961नंतर पहिल्यांदा जपानला दिलं. अभिनंदन. पण या सगळ्यांचा खेळ चिनी खेळाच्या शेजारी ठेवला तर डोळे मिटून ओळखता येईल का?

दुःख असं की जपानलाही आता आपलं वेगळेपण ओळखता येईनासं झालं आहे. पॅरिस 2024च्या महिला संघात इतो नव्हती. देशांतर्गत गुणतक्त्यावर हायाता आणि हिरानो पुढे होत्या, तिसरी जागा सोळा वर्षांच्या मिवा हारिमोतोला मिळाली. गुणांचा हिशेब बरोबर असेल. संघाला रौप्य मिळालं, चीनकडून हार झाली. चीनला नेमका ज्या प्रकारचा त्रास होतो तो देणारा हात घरी बसवून ठेवणाऱ्यांना रौप्यापेक्षा जास्त काय मिळणार होतं?

इथे कोणी म्हणेल, तुम्हाला जपानची काळजी कशाला? जपानची नाहीच. काळजी आपली आहे. आपल्याकडे हाच खोडीचा खेळ नैहाटीत पिकला. कोलकात्याजवळच्या त्या गावच्या ऐहिका मुखर्जी आणि सुतीर्था मुखर्जी यांनी 2023च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत चेन मेंग आणि वांग यिदी या जोडीला हरवून कांस्य आणलं. ऐहिकाने 2024ला बुसानमध्ये फिरकी मारून टाकणाऱ्या अँटी रबराच्या जोरावर सुन यिंगशाला, जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला, पाडलं. तेव्हाही आपल्याकडचे तज्ज्ञ म्हणाले, रबराची करामत आहे. 1952 ते 2024, बहात्तर वर्षांत वाक्य बदललं नाही.

नैहाटीत जमतं, सिलिगुडीत जमतं, मग महाराष्ट्रात हा खेळ अजून जिमखान्याच्या उंबऱ्याआड का? मीना परांडे, शैलजा साळोखे, आठ वेळा राष्ट्रीय विजेता झालेला कमलेश मेहता, 2018च्या राष्ट्रकुल सुवर्णसंघातली मधुरिका पाटकर, आता दिया. मुंबई, ठाणे, पुणे. खार, माटुंगा, पीवायसी. नकाशा नागपूरला येईपर्यंत फिका पडतो आणि वैनगंगेच्या काठाला तर पोचतच नाही. पवनी तालुक्यातल्या आसगावच्या पोराला कबड्डीचं मैदान मिळतं, शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा धुरळा मिळतो, टीटी मिळतं ते मोबाइलवर. याला उत्तर म्हणून दरवेळी एकच ऐकवलं जातं: आधी तालुक्याला संकुल होऊ द्या, लाकडी फ्लोअर होऊ द्या, परवानाधारक कोच येऊ द्या. म्हणजे पुन्हा प्रयोगशाळाच.

टेबल 2.74 मीटर लांब आणि 1.525 मीटर रुंद असतं. चेंडू 2.7 ग्रॅमचा, त्याला वारा चालत नाही, छप्पर आणि भिंती लागतात. समाजमंदिरात टेबल सहज मावतं. मागे जागा कमी पडते हे खरं. हासेगावासारखं चार मीटर मागे जाऊन खेळता येणार नाही. पण टेबलाला चिकटून, टप्प्यावर चेंडू मारणाऱ्या इतोच्या खेळाला ती जागा पुरते. घरातल्या टेबलावरच तो खेळ वाढला. मागे भिंत असलेली पोरं मागे हटायला शिकत नाहीत, आणि ती शिकली नाहीत म्हणून एखाद्या शिबिरातला कोच त्यांचा बॅकहँड पहिल्या आठवड्यात मोडून दोन्ही बाजूंचं टॉपस्पिन बसवणार असेल, तर त्या शिबिराला आसगावातून एकही पोर पाठवू नये. शाळेच्या व्हरांड्यात विटांवर प्लायवूड टाकून ते खेळत असेल तर तिथेच खेळू द्यावं, बॅटला हवं ते रबर लावू द्यावं, आणि जिल्हा स्पर्धेच्या पंचांनी त्याचं पिंपल्सचं रबर मान्यताप्राप्त यादीत आहे एवढंच तपासावं. त्याचा फटका पुस्तकातल्यासारखा आहे की नाही, हे तपासायचा अधिकार त्यांना कोणत्याही नियमाने दिलेला नाही.