'विवेकीकरण': एका संज्ञेचे चार अर्थ

मराठी वैचारिक लेखनात 'विवेकीकरण' हा शब्द आता रुळला आहे. तथापि ज्या पाश्चात्त्य संज्ञेसाठी तो योजला जातो, तिचा व्याप एकसारखा नाही. लॅटिन मुळात 'हिशेब' हा अर्थ प्रधान आहे. आमच्या 'विवेक' शब्दात सारासार पारखण्याचा नैतिक अर्थ आहे. परिणामी भाषांतर करतानाच, मुळात नसलेली प्रशंसा त्या संज्ञेला बहाल केली जाते. म्हणून तिचे निरनिराळे अर्थ वेगळे करून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सर्वांत निर्दोष अर्थ गणितातला. छेदात करणी असली की विद्यार्थी छेदाचे परिमेयीकरण करतो. तेथे नियम असा की अंश व छेद या दोहोंस एकाच संख्येने गुणावयाचे. रूप बदलते, किंमत बदलत नाही. हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील क्षेत्रांत तोच प्रथम मोडतो.

समाजशास्त्रात ही संज्ञा माक्स वेबर याने रूढ केली. प्रॉटेस्टंट नीतिमत्ता व भांडवलशाही यांचा संबंध दाखवणारे त्याचे निबंध १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यवसायाला ईश्वरी पाचारण मानणाऱ्या शिस्तीतून हिशेबी जीवनपद्धती वाढली आणि पुढे श्रद्धा गळून पडली तरी ती पद्धती उरली, असे त्याचे प्रतिपादन होते. वेबरने ह्या प्रक्रियेचे केवळ गुणगान केले नाही, हे मात्र त्याच्या मराठी चाहत्यांकडून पुष्कळदा निसटते. औपचारिक हिशेब बिनचूक असूनही माणसाच्या गरजांच्या दृष्टीने निष्पत्ती अविवेकी असू शकते, हा भेद त्यानेच केला.

उद्योगात या भेदाचा प्रत्यय येतो. १९२८ साली मुंबईच्या काही गिरण्यांत विणकराकडे दोनऐवजी तीन माग सोपवण्याची योजना आली. त्या वर्षी सुमारे सहा महिने चाललेल्या संपामागील कारणांत ती प्रमुख होती. योजनेला नाव सुधारणेचे होते. कामगाराच्या लेखी तिचा अर्थ वाढीव काम व जाणारी नोकरी असा होता. निपाणीकडे पाहिले असता उलटे चित्र दिसते. तेथे तंबाखूच्या वखारींत स्त्रिया धुळीत राबत आल्या आहेत आणि विडी हातानेच वळली जाते, तीही बहुधा घरी बसून. यंत्र न आणणे हाच मालकाच्या दृष्टीने किफायतशीर हिशेब. कारण घरी विखुरलेला कामगार कारखान्याच्या कायद्यातून सुटतो. ही पळवाट बुजवण्यासाठी १९६६ साली विडी व सिगार कामगारांचा कायदा करावा लागला व त्यात घरी काम करणाऱ्यांचाही समावेश केला गेला. निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांनी संघटना कशी बांधली, हे 'युगांतर' गटाच्या १९८२ च्या माहितीपटात त्या स्वतःच सांगतात. येथे अंश व छेद एकाच संख्येने गुणलेले नाहीत: नफा एका पारड्यात पडला, खोकला दुसऱ्या.

चौथा अर्थ मानसशास्त्रातला. अर्नेस्ट जोन्स याने १९०८ साली ही संज्ञा वापरली ती आधी घेतलेल्या निर्णयाला मागाहून सभ्य कारणे जोडण्याच्या वृत्तीसाठी. हिला 'विवेकीकरण' म्हणणे विपरीत होय. 'सारवासारव' हाच आमच्या मते तिला साजेसा शब्द.

सीमाप्रश्नाच्या चर्चेत ही वृत्ती तपासण्याजोगी आहे. १९५६ मध्ये चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राच्या आग्रहाने १९६६ साली न्या. मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमण्यात आला. त्याच्या १९६७ च्या अहवालाने निपाणी व खानापूर महाराष्ट्राकडे, बेळगाव शहर म्हैसूरकडेच आणि अक्कलकोट व दक्षिण सोलापूरचा भाग म्हैसूरकडे देण्याची शिफारस केली. निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी मापे लावली, हा महाराष्ट्राचा आक्षेप आम्हांस गंभीर वाटतो. परंतु ज्याने पंच मागितला त्याने निवाडा नाकारताना, निवाडा अनुकूल असता तरीही हाच आक्षेप घेतला असता काय, हे स्वतःस विचारणे प्राप्त आहे. आणि जो पक्ष तो अहवाल अंतिम म्हणतो, त्याने निपाणी-खानापूर देण्याची तयारी त्याच उच्चरवाने सांगितली पाहिजे. २००४ साली वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालय कायदा पाहील. हेतूंची तपासणी ज्याची त्याने करावयाची आहे.

लूकच्या शुभवर्तमानातील शास्त्री 'शेजारी कोण' असा प्रश्न करतो, तो स्वतःला नीतिमान ठरवण्यासाठी. प्रश्न तर्कशुद्ध आहे, पण मर्यादा कोठे आखावी एवढेच त्यास हवे आहे. उत्तरात त्यास सीमेपलीकडचा शोमरोनी भेटतो. बेळगाव-निपाणीच्या मंडळ्यांत मराठी व कानडी दोन्ही भाषांत प्रार्थना होते. म्हणून हा दृष्टांत त्यांना परका नाही.

'विवेकीकरण' हा शब्द टाकून द्यावा, असे आम्ही म्हणत नाही. मात्र तो कोणी उच्चारला की दोन प्रश्न विचारावेत: कारण निर्णयाच्या आधी आले की नंतर? आणि दोन्ही बाजूंना एकाच संख्येने गुणले आहे काय? उत्तर नकारार्थी असेल तेथे हिशेब झाला असेल, विवेक झालेला नाही.